अवे सामन्याचं तिकीट: हजेरी नाही, ओळख नाही, मग मिळवायचं कसं?

लीड्सवासी

मंडळी, क्रिकेटच्या धाग्यांमधून वाट काढत हा एक फुटबॉलचा धागा काढतोय.

मी इंग्लंडात लीड्सला राहतो, पण पाठीराखा लिव्हरपूलचा. 2005 ची चॅम्पियन्स लीगची (युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची) इस्तंबूलची फायनल पुण्यात हॉस्टेलच्या टीव्हीवर पाहिली, तेव्हापासून. लीड्स युनायटेडचं एलंड रोड मैदान माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सामन्याच्या दिवशी स्वयंपाकघराची खिडकी उघडी असली तर गोलचा आवाज घरात येतो. लिव्हरपूल इथे खेळायला येणार आणि मी घरात बसून नुसता आवाज ऐकणार, हे काही मनाला पटत नाही.

अडचण अशी आहे. लिव्हरपूलचं वार्षिक सदस्यत्व माझ्याकडे आहे. अॅनफील्डवरच्या, म्हणजे लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावरच्या सामन्यांसाठी सोडतीत नाव घालतो, कधी लागतं, कधी नाही. पण बाहेरच्या मैदानांवरच्या, म्हणजे अवे सामन्यांची तिकिटं आधीच्या मोसमात ज्यांनी जास्त अवे सामन्यांना हजेरी लावली त्यांना आधी मिळतात. म्हणजे तिकिटाशिवाय हजेरी नाही आणि हजेरीशिवाय तिकीट नाही.

आता ऑफिसातला एक सहकारी पुढे आलाय. त्याच्याकडे लीड्सचं सीझन तिकीट (मोसमभरासाठी ठरलेली जागा) आहे आणि लिव्हरपूलचा सामना आहे त्या शनिवारी तो गावात नाही. म्हणतो, माझ्या जागेवर तू जा, फक्त लिव्हरपूलचं लाल काही घालू नकोस आणि तोंड उघडू नकोस.

सरळ मार्गानं अवे तिकीट मिळवायचा काही रस्ता आहे का? आणि तोवर सहकाऱ्याची जागा घ्यावी का? मला घ्यावीशी वाटते. पूर्ण पैसे देऊन, गप्प बसून सामना पाहिला तर कुणाचं काय बिघडलं?

पावभाजी_युनायटेड

पहिला प्रतिसाद माझा! लिव्हरपूलनं गोल केला की बुटाची नाडी बांधायला वाका. दोनतीन गोल झाले तर नाडीवाले बूट घालून जाणं फायद्याचं ठरेल. (दिवे घ्या.)

उत्तरवारा

लीड्सवासी, मी न्यूकॅसलला बरीच वर्षं आहे आणि अवे सामने हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी तिकिटं असतात किती ते बघू. प्रीमियर लीगच्या (इंग्लंडातली सगळ्यात वरची लीग) नियमाप्रमाणे यजमान क्लबनं पाहुण्यांना 3,000 जागा किंवा मैदानाच्या क्षमतेच्या 10 टक्के जागा, यांतला जो आकडा कमी असेल तेवढ्या द्यायच्या असतात. एलंड रोडची क्षमता सुमारे 37,600, म्हणजे तिथे 3,000 चा आकडा लागू होतो. बोर्नमथचं मैदान जेमतेम 11,000 च्या वर, तिथे पाहुण्यांना हजार-बाराशेवर समाधान मानावं लागतं. आता लिव्हरपूलकडे बघा. अॅनफील्डच भरतं 61,000 च्या आसपास, आणि सदस्य त्याहून कितीतरी जास्त. त्या 3,000 मधून खेळाडूंचे घरचे, प्रायोजक यांचा वाटा गेला की उरलेल्या तिकिटांवर उड्या पडणारच.

दुसरं म्हणजे दर. 2016-17 पासून प्रीमियर लीगमध्ये अवे तिकिटाला 30 पौंडांची कमाल मर्यादा आहे. हे कुणी आपणहून दिलेलं नाही. 'ट्वेंटीज प्लेंटी' नावाची मोहीम 2013 पासून पाठीराख्यांच्या महासंघानं चालवली होती, मागणी 20 पौंडांची होती, मिळाले 30. तुमच्याच क्लबच्या लोकांनी त्याच काळात मोठा धक्का दिला होता. 6 फेब्रुवारी 2016 ला अॅनफील्डवर सन्डरलंडविरुद्ध 77 व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून बाहेर गेले, कारण नव्या स्टँडमध्ये 77 पौंडांचं तिकीट येणार होतं. लिव्हरपूल 2-0 नं पुढे होतं, सामना संपला 2-2. काही दिवसांतच मालकांनी दरवाढ मागे घेतली. आज यजमान प्रेक्षक त्याच सामन्याला पाहुण्यांच्या दुप्पट पैसे देताना दिसतो, तेव्हा ही मर्यादा किती मोलाची आहे ते कळतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. माझं स्वच्छ उत्तर: घेऊ नका. मैदानाच्या नियमांनुसार यजमानांच्या भागात सापडलेल्या पाहुण्या पाठीराख्याला बाहेर काढता येतं आणि पैसे परत मिळत नाहीत. तुमचं एक वेळ सोडा, पण ज्याचं सीझन तिकीट आहे त्याच्यावर कारवाई होऊ शकते. काही क्लबांत अशा तिकिटांसाठी माणसं वर्षानुवर्षं रांगेत असतात. एका शनिवारच्या सामन्यासाठी मित्राची ती जागा धोक्यात घालायची का?

गणितमास्तर

उत्तरवारा यांच्या माहितीबद्दल आभार, पण मूळ मुद्द्याला त्यांनी हात लावलेला नाही. हजेरीवर तिकीट देण्याची पद्धत म्हणजे बंद दाराचा क्लब झाला. ज्यांनी 20 वर्षांपूर्वी सुरुवात केली ते कायम आत, आज आलेला कायम बाहेर. नवा मुलगा, नवा स्थलांतरित, कारखान्यात पाळीनं काम करणारा, हे सगळे बादच. निष्ठा मोजायची तर शनिवारी ज्याला सुट्टी असते त्याचीच मोजली जाते. लीड्सवासींनी सहकाऱ्याच्या जागेवर जरूर जावं.

उत्तरवारा

@गणितमास्तर, पद्धतीत त्रुटी आहे हे मान्य. काही क्लब म्हणूनच अवे तिकिटांचा थोडा हिस्सा कमी हजेरीवाल्यांच्या सोडतीसाठी राखून ठेवतात, आणि माझ्या मते हे सगळ्यांनीच करावं. पण दुसरी बाजूही बघा. बोर्नमथ ते न्यूकॅसल म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून जवळजवळ स्कॉटलंडच्या सीमेपर्यंत. मंगळवारी रात्री, पावसात, संघ तळाला असताना जो माणूस रजा टाकून तेवढं अंतर गेला, त्याला मोठ्या सामन्याच्या दिवशी मागे ढकलायचं? ही काही एसटी नाही, की खिडकीतून रुमाल टाकला आणि जागा आपली.

पेठकर

काय भावांनो, आमच्या कोल्हापुरात हा प्रश्नच नाही. सगळे संघ एकाच राजर्षी शाहू स्टेडियमवर खेळतात, त्यामुळं होम कुठलं आणि अवे कुठलं! पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल... सगळ्या तालमींची पोरं त्याच गॅलऱ्यांत. तिकीट खिडकीवर घ्यायचं आणि आत शिरायचं.

पण एक सांगतो. होम-अवे नसलं तरी कुठल्या बाजूला कोण बसतं ते लहान पोरालाबी ठाऊक असतं. पाटाकडीलच्या घोळक्यात बसून शिवाजीच्या गोलला उडी मारायची कुणाची हिंमत न्हाई. मोठ्या सामन्याला बंदोबस्त लागतो तो उगाच न्हाई. माझा चुलता सांगायचा, सामना बघायला कुठंबी बस, ओरडायला आपल्यात बस. लीड्सवासी, तुम्हाला ओरडायचं असलं तर ती जागा तुमची न्हवं.

सासष्टी

पेठकर, तुमच्या चुलत्यांना मडगावाहून नमस्कार. नाद खुळा!

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. आमच्या फातोर्ड्याला 24 एप्रिल 2024 ला आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) सेमीफायनल होता, एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी. बोरिस आणि ब्रँडन यांच्या गोलांवर आम्ही 2-0 नं पुढे. 90 व्या मिनिटापर्यंत सगळं स्टेडियम नाचत होतं. मग मुंबईच्या छांगटेचा गोल, लगेच विक्रम प्रतापचा, आणि इंज्युरी टाइमच्या सहाव्या मिनिटाला परत छांगटे. 2-3. मी आयुष्यात इतकी शांतता फातोर्ड्याला ऐकलेली नाही, आणि त्या शांततेत एका कोपऱ्यातून मुंबईवाल्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता. मोजकीच माणसं, पण एकत्र होती.

त्या वेळी माझ्या पुढच्या रांगेत, आमच्या लोकांत, एक मुंबईचा मुलगा बसला होता. तिसऱ्या गोलला तो उभा राहिला. त्याला काही इरादा नव्हता, पाय आपसूक उठले. कुणी हात लावला नाही, पण पाचदहा माणसं वळून त्याच्याकडे बघायला लागली तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला. माझ्या शेजारच्या काकांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं आणि सामना संपल्यावर गेटपर्यंत सोडून आले. गप्प बसेन असं घरी ठरवणं सोपं असतं हो.

पश्चिमद्रुतगती

सासष्टी, त्या कोपऱ्यात मी होतो!! आयुष्यभर विसरणार नाही. जखमेवर मीठ नाही चोळत, पण पुढे 4 मे ला कोलकात्यात मोहन बागानला 3-1 हरवून कपही आणला.

आपल्याकडे अवे तिकिटाचं तंत्र वेगळं आहे. इंग्लंडसारखा पाहुण्या क्लबनं आपल्या सदस्यांना तिकिटं वाटायचा प्रकार फारसा नाही. बहुतेक वेळा यजमान संघाची तिकिटं ज्या अॅपवर निघतात तिथेच आपणही घ्यायची. म्हणून एकट्यानं घाई करायची नाही. पाठीराख्यांचा गट आधी यजमान क्लबशी बोलून कुठला स्टँड ते ठरवतो, मग सगळ्यांनी तिथलीच घ्यायची. आमचा वेस्ट कोस्ट ब्रिगेड, बंगळुरूचा वेस्ट ब्लॉक ब्लूज, केरळचा मंजप्पडा, सगळ्यांचं साधारण असंच चालतं. मुंबईहून गोव्याला जायचं तर सामन्याच्या तिकिटापेक्षा कोकणकन्येचं आरक्षण अवघड! तारीख जाहीर झाली की आधी रेल्वे बघा. मडगाव स्टेशनावरून फातोर्डा रिक्षानं अगदी जवळ आहे.

काकूंचे_कोडे

माझा भाबडा प्रश्न. इतक्या मोठ्या माणसांना वेगवेगळं बसवावं लागतं हेच मला अजब वाटतं. वानखेडेवर नाही का सगळे शेजारी बसत? नुसत्या शर्टाच्या रंगावरून?

जुनेवृत्त

@काकूंचे_कोडे, प्रश्न भाबडा नाही, उत्तर मात्र जड आहे.

29 मे 1985, ब्रसेल्सचं हेझल स्टेडियम, युरोपियन कपचा अंतिम सामना, लिव्हरपूल विरुद्ध युव्हेंटस. लिव्हरपूलच्या पाठीराख्यांना लागून 'झेड' नावाचा भाग होता. तो तटस्थ बेल्जियन प्रेक्षकांसाठी ठेवलेला. प्रत्यक्षात त्यातली बरीच तिकिटं दलालांमार्फत आणि ब्रसेल्समधल्या इटालियन लोकांमार्फत युव्हेंटसच्या पाठीराख्यांकडे गेली. मध्ये तकलादू जाळी. सामन्याआधी लिव्हरपूलच्या गर्दीनं चाल केली, लोक मागे सरकत भिंतीपाशी चेंगरले, भिंत कोसळली. 39 माणसं गेली, बहुतेक इटालियन. त्यानंतर इंग्लिश क्लबांवर युरोपात पाच वर्षं बंदी आली, लिव्हरपूलवर सहा.

आपल्याकडे 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान सामन्यात हाणामारी आणि चेंगराचेंगरी झाली, 16 पाठीराखे गेले. अर्जेंटिनात 2013 मध्ये लानूस क्लबचा एक पाठीराखा मारला गेल्यावर लीगच्या सामन्यांना पाहुण्या प्रेक्षकांवरच बंदी घातली, आणि ती वर्षानुवर्षं चालली.

म्हणून 'गप्प बसलो तर कुणाचं काय बिघडलं' या वाक्याशी मी असहमत आहे. बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. पण कुठल्या भागात कोण बसलंय हे व्यवस्थापनाला ठाऊक असणं, यावर सगळा बंदोबस्त उभा असतो. तिकीट चुकीच्या हातात गेलं की पहिली फट तिथे पडते.

गणितमास्तर

जुनेवृत्त, हेझलचं उदाहरण अंगावर आलं. तरी एक म्हणतो. तिथे एक सबंध भाग चुकीच्या हातात गेला होता, मैदान मोडकळीला आलेलं होतं. एका माणसानं मित्राच्या जागेवर बसण्याची तुलना त्याच्याशी करणं मला ताणल्यासारखं वाटतं. मात्र मित्राच्या सीझन तिकिटाचा मुद्दा मला पटला. 'जरूर जावं' हे मी मागे घेतो. पद्धत अन्यायाची आहे हे मागे घेत नाही.

रूरकाठ

जर्मनीतल्या डॉर्टमुंडहून. इथली पद्धत सांगतो, तुलनेला उपयोगी पडेल.

बुंडेसलीगात, म्हणजे इथल्या वरच्या लीगमध्ये, पाहुण्यांना क्षमतेच्या 10 टक्के तिकिटं द्यावी लागतात आणि वर 3,000 चा अडसर नाही. आमच्या मैदानाची क्षमता 81,365, म्हणजे आठ हजारांवर पाहुणे येऊ शकतात. त्यात उभं राहण्याचा भाग असतो, तिथलं तिकीट इंग्लंडच्या मानानं बरंच स्वस्त पडतं. बऱ्याच क्लबांत सामन्याच्या तिकिटावरच त्या दिवशीचा शहरातला ट्राम-बसचा प्रवास फुकट. वाटप मात्र इथेही सीझन तिकीटवाले आणि नोंदणीकृत फॅनक्लब यांच्यातूनच होतं. म्हणून नव्या माणसाला माझा सल्ला एकच, फॅनक्लबात शिरा. मी कामाच्या ठिकाणच्या एका छोट्या फॅनक्लबात आहे, सगळे मिळून एक बस करतो, आणि त्यात कुणी आयत्या वेळी गळलं की जागा नव्याला मिळते.

पाठीराखे एकत्र आले की काय होतं त्याचा दाखलाही देतो. सोमवारी रात्री सामने ठेवल्यामुळे पाहुण्यांचे हाल होत होते. लोकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले, स्टँड रिकामे ठेवले. 2021-22 पासून बुंडेसलीगात सोमवारचे सामने बंद झाले.

उत्तरवारा

रूरकाठ, सोमवारचं नाव काढलंत आणि दुखत्या नसेवर बोट ठेवलंत. इंग्लंडात टीव्हीसाठी सामना शनिवार दुपारवरून सोमवार रात्री 8 वर जातो. स्वस्त म्हणून आधी काढलेलं रेल्वेचं तिकीट वाया, आणि सामना संपल्यावर घरी जायला शेवटची गाडीच नाही. लीड्सवासी, बाहेरगावच्या सामन्याचं लिहून ठेवा: टीव्हीच्या तारखा जाहीर होईपर्यंत रेल्वे-हॉटेलचे पैसे अडकवू नका.

मेघसावली

इतका वेळ वाचत होते. सगळे पुरुषांच्या प्रीमियर लीगबद्दलच बोलतायत! मी लंडनला असते आणि विमेन्स सुपर लीगच्या अवे सामन्यांना जाते. तिकीट सहज मिळतं, दर कमी, बरोबर लहान मुलं असली तरी धाकधूक नाही. बऱ्याच मैदानांवर दोन्ही संघांचे लोक शेजारी बसून बघतात. काकूंना हवं तसं!

आणि खालच्या पातळीवरच्या, नॉन-लीग म्हणतात त्या सामन्यांना तर गेटवर पैसे दिले की झालं. तिथे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नवल वाटलं. मध्यंतर झाला की दोन्ही बाजूंचे पाठीराखे आपापले झेंडे गुंडाळून मैदानाला वळसा घालून समोरच्या टोकाला जातात, कारण आपला संघ आता त्या बाजूच्या गोलवर चाल करणार. वाटेत समोरासमोर आले की हाय-हॅलो, हातात चहा. ज्याला अवे सामन्याची मजा काय ते अनुभवायचंय त्यानं तिथून सुरुवात करावी.

पावभाजी_युनायटेड

मध्यंतरात बाजू बदलणारे पाठीराखे! आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत आहेत तसे काही. बाकी मेघसावली यांची कल्पना एक नंबर.

सावधचित्त

दलालांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

माझ्या मावसभावानं लंडनमधल्या एका मोठ्या सामन्याचं अवे तिकीट एका संकेतस्थळावरून घेतलं. 30 पौंडांच्या तिकिटाला तीनशेच्या वर मोजले. सामन्याच्या दिवशी त्याला एका चहाच्या टपरीपाशी बोलावलं आणि अनोळखी माणसाच्या नावाचं तिकीट असलेला एक फोन हातात दिला, 'आत गेलात की दारापाशीच्या आमच्या माणसाकडे परत द्या.' त्या दिवशी फाटकावर ओळखपत्र तपासत होते. नाव जुळलं नाही. तिकीट रद्द, पैसे बुडाले, वर फोनवाला त्याच्या नावानं शिव्या घालतोय. भाऊ भारतातून दहा दिवसांसाठी आलेला, रडकुंडीला आला होता.

इंग्लंड-वेल्समध्ये क्लबच्या परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं हा गुन्हा आहे, 1994 च्या कायद्याचं 166 वं कलम. मैफिलीच्या किंवा क्रिकेटच्या तिकिटाला हे कलम लागत नाही, फुटबॉलला लागतं, आणि त्यामागे जुनेवृत्त यांनी लिहिलं तेच कारण आहे, प्रेक्षकांची सरमिसळ टाळणं. हल्ली कित्येक क्लब काही अवे तिकिटं यजमानांच्या मैदानावरच ओळखपत्र दाखवून घ्यायला लावतात, तेही दलालांना आळा बसावा म्हणून. ज्यांचे नातेवाईक फिरायला येणार आहेत त्यांनी ही गोष्ट आधीच सांगून ठेवा.

काकूंचे_कोडे

जुनेवृत्त, सावधचित्त, आभार. आता कळलं. मुलगा पुढच्या वर्षी मँचेस्टरला शिकायला चाललाय, त्याला हा धागा वाचायला पाठवते. आम्ही दोघं त्याला भेटायला जाऊ तेव्हा ह्यांना सामना बघायचाय, वय 68. अवे स्टँडमध्ये नेलं तर चालेल का?

उत्तरवारा

काकू, काकांना मुलाच्या गावच्याच संघाच्या भागात, बसायच्या शांत जागी न्या. अवे स्टँडमध्ये खुर्च्या असतात पण बहुतेक ठिकाणी 90 मिनिटं कुणी बसत नाही. 1989 च्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीनंतर वरच्या लीगांमध्ये सगळी मैदानं खुर्च्यांची करायला लावली, तरी अवे गर्दी उभीच राहायची. शेवटी 2022 च्या जानेवारीपासून काही मैदानांवर कठडे बसवलेल्या जागांत उभं राहायला रीतसर परवानगी मिळाली.

आणि आमच्या न्यूकॅसलला तर पाहुण्यांची जागा सगळ्यात वर, सातव्या मजल्यावर. 14 जिने चढायचे. वर पोचलेली माणसं पहिली पाच मिनिटं घोषणा देत नाहीत, कठड्याला टेकून दम खातात. तिथून खेळाडू करंगळीएवढे दिसतात, पण सगळं शहर आणि टाइन नदीकडचा उतार दिसतो. ल्यूटनच्या केनिलवर्थ रोडला याच्या उलट. ओक रोडवरच्या घरांच्या ओळीत मध्येच पाहुण्यांचं प्रवेशद्वार, आणि जिना चढताना खाली लोकांची परसं, दोरीवर वाळत घातलेले कपडे. अशा जागा बघण्यासाठी मी जातो, निकाल काहीही लागो.

पश्चिमद्रुतगती

दोरीवरचे कपडे बघत स्टेडियममध्ये शिरायचं! अंधेरीच्या मैदानाजवळच्या सोसायट्या आठवल्या.

लीड्सवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

सहकाऱ्याला आज सकाळी नाही म्हणून सांगितलं. सासष्टींच्या त्या मुलाची गोष्ट वाचली तेव्हाच ठरलं होतं. लिव्हरपूलनं गोल केला आणि मी उभा राहिलो नाही, असं होणं शक्यच नाही, आणि गोल झाल्यावर गप्प बसायला लागणार असेल तर त्या सामन्यात माझ्यासाठी उरलं काय? त्याच्या तिकिटाला काही झालं असतं तर सोमवारी ऑफिसात तोंड दाखवायला जागा नव्हती. तो म्हणाला, बरं झालं, मलाही रात्रभर तीच चिंता होती.

पण मूळ प्रश्न तसाच आहे. सरळ मार्गानं सुरुवात कुठून करू?

उत्तरवारा

आता कामाचं बोलू.

एफए कप, म्हणजे इंग्लंडातली बाद फेरीची स्पर्धा. त्यात पाहुण्या क्लबला क्षमतेच्या 15 टक्क्यांपर्यंत तिकिटं मागता येतात. सुरुवातीच्या फेरीत, लांबच्या गावी, आडवारी सामना आला की हजेरीची अट खाली खाली येत जाते. तुमच्या क्लबच्या तिकीट पानावर प्रत्येक सामन्याच्या विक्रीचे टप्पे दिलेले असतात. आपला टप्पा येणार नाही असं धरून लोक ते बघतच नाहीत. तुम्ही शेवटपर्यंत बघत राहा. सामन्याच्या दोनतीन दिवस आधी परत आलेली तिकिटंही निघतात.

युरोपातल्या सामन्यांसाठी चॅम्पियन्स लीगमध्ये पाहुण्यांना 5 टक्के जागा असतात आणि यूएफानं (युरोपच्या फुटबॉल संघटनेनं) दरालाही मर्यादा घातली आहे. 2024-25 ला कमाल 60 युरो होती, नंतर 50 वर आणली. पण तिथेही तुमच्यासारख्या नव्या सदस्याचा नंबर मोठ्या शहरांना लागणार नाही. विमान बदलून जावं लागतं अशा ठिकाणी नजर ठेवा.

रूरकाठ

आणि लीड्समध्ये लिव्हरपूलच्या पाठीराख्यांची शाखा आहे का ते शोधा. बसनं जाणारा गट असतोच.

जुनेवृत्त

बसचं लक्षात ठेवा, 1985 च्या कायद्यानुसार सामन्याला जाणाऱ्या अशा बसमध्ये दारू चालत नाही. चहाचा थर्मास चालतो.

गणितमास्तर

लीड्सवासी, एक सुचवतो. पाठीराख्यांच्या संघटनेचे सदस्य व्हा आणि कमी हजेरीवाल्यांसाठी ठरावीक हिस्सा राखा अशी लेखी मागणी करा. 77 व्या मिनिटाला लोक उठले म्हणून दर उतरले ना? मग हेही होईल. मसुदा लिहायला मी मदत करतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

लीड्सवासी

गणितमास्तर, व्यनि केलाय. शाखेचा पत्ता सापडला, दर सामन्याला इथल्याच एका पबमध्ये जमतात. एलंड रोडचा सामना त्यांच्याबरोबर तिथेच पडद्यावर बघणार. एफए कपची तिसरी फेरी जानेवारीत आहे, सोडतीत कुठलं गाव येईल त्यावर रजा टाकतो.

सासष्टी

आणि डिसेंबरात भारतात याल तेव्हा फातोर्ड्याला चला. तारखा जुळल्या तर तिकिटाचं मी बघतो. कुठल्या स्टँडमध्ये ओरडायचंय तेवढं आधी कळवा.

पावभाजी_युनायटेड

सासष्टी, दोन तिकिटं धरा. मी पण येतोय, मुंबईच्या कोपऱ्यात!